लष्कराचे उपग्रह लष्करच बनवतं?

अमेरिकेच्या लष्करी अंतराळ तंत्रज्ञानाबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: सगळं गुप्त सरकारी प्रयोगशाळेत तयार व्हायचं, खासगी कंपन्या आल्या त्या स्पेसएक्सच्या मागोमाग. हे खरं नाही.

शीतयुद्धातला ‘कोरोना’ हा हेरगिरी उपग्रह प्रकल्पच बघा. मालक सीआयए आणि हवाई दल, पण यान लॉकहीडचं, कॅमेरा आयटेकचा, फिल्म कोडॅकची आणि फिल्म घेऊन परतणारी कुपी जनरल इलेक्ट्रिकची. सुरुवातीची फिल्म अंतराळातल्या निर्वातात तुटायची. कोडॅकने पॉलिएस्टरवर आधारलेली फिल्म बनवली तेव्हा तो प्रश्न सुटला. डझनभर प्रयत्न फसल्यावर ऑगस्ट १९६० मध्ये अंतराळातून टिपलेली छायाचित्रं हाती आली, तीही विमानाने कुपी हवेतच झेलून! हे सगळं १९९५ पर्यंत गोपनीय होतं. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच आहे.

जीपीएसचंही तेच. १९७८ पासून सोडलेले पहिले उपग्रह रॉकवेलने बनवले. १९९१ च्या आखाती युद्धात तर लष्करी रिसीव्हर कमी पडले, म्हणून सैन्याने बाजारातले नागरी रिसीव्हर घेतले.

मग बदललं काय? व्यवहाराची पद्धत. पूर्वी बऱ्याचदा ‘खर्च अधिक नफा’ असा करार असायचा, म्हणजे खर्च वाढला तर भार सरकारवर. डिसेंबर २०१९ मध्ये स्थापन झालेलं स्पेस फोर्स, म्हणजे अमेरिकी लष्कराचं अंतराळ दल, आता प्रक्षेपणासारखी कामं ठरलेल्या किमतीत सेवा म्हणून विकत घेतं. कंपनीचा अंदाज चुकला तर तोटा बहुतांशी कंपनीचा.