स्कॅन केली की नाव आपोआप उभी राहते? नाही हो भाऊ

आपल्या वैनगंगेच्या पट्ट्यात व्हॉट्सॲपवर कवाची फिरून राह्यली ही गोष्ट, की जुनी लाकडी नाव सापडली का नुसती स्कॅन करा, कंप्युटर अख्खी नाव जशीच्या तशी उभी करते. तसं नसते राजेहो. मातीत शेकडो वर्षं दबलेली फळी वाकडी झाली असते, मंग स्कॅनमध्येबी ते वाकडीच येणार ना!

वेल्समधल्या न्यूपोर्टले २००२ मध्ये पंधराव्या शतकातलं जहाज सापडलं. तिथं एकेक लाकूड सुटं करून, ओलं ठेवून (सुकलं की आक्रसते, तडकते), मोजणीच्या यंत्राच्या टोकानं त्याची कड, खिळ्यांची भोकं, तासल्याच्या खुणा, सारं थ्रीडीत आखून घेतलं, अन् मंग प्रत्येकाचा दहापट लहान नायलॉनचा तुकडा प्रिंट करून भोकाले भोक जुळवत हातानं जोडला, तवा कुठं त्याच्या पोटाचा बाक समजला. खरी मेहनत इथंच हाय. जो भाग सापडलाच नाही तो माणसानं अभ्यासातून भरला, म्हणून स्क्रीनवरचं गुळगुळीत जहाज म्हणजे काही फोटो नोहे.

अन् नदीतून जुना डोंगा निघाला तर उन्हात वाळवू नका, ओलाच ठेवा अन् पुरातत्त्ववाल्यांले कळवा.