गाडी कमी वापरणं आणि गाडी कमी लागणं

साधं राहायचं ठरवलेल्या माणसाच्या यादीत "गाडी कमी वापरणार" हे कलम हमखास असतं. महिना-दोन महिने उत्साह टिकतो, मग संततधार पावसाचा एखादा आठवडा येतो आणि किल्ली परत हातात. त्यावर माणूस स्वतःलाच बोल लावतो की आपल्यात निर्धारच नाही. बिचाऱ्या निर्धाराला कशाला दोष द्यायचा? वापर कमी करायला घेतला आणि गरज होती तेवढीच ठेवली, तर दुसरं काय होणार?

वापर कमी करणं सगळ्यांना ठाऊक आहे. जवळचं काम चालत करायचं, ऑफिसला चौघांनी एका गाडीतून जायचं, २२ सप्टेंबरच्या 'कार फ्री डे'ला सायकलबरोबर फोटो काढायचा. फोटो सोडला तर यात वावगं काही नाही. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे गाडीवरचं अवलंबित्व कमी झालं, असं मानणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. नळीतला धूर गेला, उत्तम झालं. पण पार्किंगला जागा तेवढीच लागते आणि दुकान होतं तेवढंच लांब राहतं. आणखी एक जमात आहे: गाडी विकून 'आम्ही मोकळे झालो' म्हणणारी आणि उठसूट मित्राला "जरा सोडतोस का?" विचारणारी. गरज तीच, पेट्रोल मात्र दुसऱ्याचं.

खरी गफलत पुढे आहे. गाडी नेमकी कशासाठी लागते, हे बहुतेकांनी कधी तपासलेलंच नसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ऑफिसला." म्हणून सगळा जोर ऑफिसच्या फेरीवर. पण इंग्लंड आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रवास-पाहण्या बघा. एकूण फेऱ्यांमध्ये कामावर जाण्या-येण्याचा वाटा पाचव्या हिश्श्याइतकाही भरत नाही. उरलेलं सगळं खरेदी, दवाखाना, मुलांची ने-आण, भेटीगाठी. शिवाय या फेऱ्या सुट्या येत नाहीत. ऑफिसातून निघायचं, वाटेत मुलीला क्लासमधून घ्यायचं, तिला गाडीत बसवून औषधं आणायची, पुढे किराणा, मग घर. गाडीत ही एकच फेरी असते. बसने त्याच्या चार फेऱ्या होतात आणि प्रत्येक थांब्यावर नव्याने ताटकळावं लागतं, तेही दमलेल्या पोरीला आणि पिशव्यांना सांभाळत. ऑफिसला बसने जायचा संकल्प ऑफिसमुळे मोडत नाही, तो साडेसहाला सुटणाऱ्या त्या क्लासमुळे मोडतो.

मग बदलायचा तो क्लास. मुलगी एकटी चालत जाऊ शकेल असा, घराजवळचा. याला लोक फार बिचकतात, कारण लांबचा क्लास नावाजलेला असतो. माझं मत पक्कं आहे: जवळचा बरा क्लास लांबच्या उत्तम क्लासपेक्षा केव्हाही चांगला. मुलीची संध्याकाळ वाचते, आई किंवा बाबा तिचे ड्रायव्हर होत नाहीत, आणि साखळीतली एक कडी निघाली की औषधं-किराणा आपोआप चालण्याच्या टप्प्यात येतात. गरज कमी होते ती अशी, एकेका कडीने. त्यानंतर वापर कमी करायला मुद्दाम काही करावं लागत नाही.

नुसत्या निर्धाराचं गणित मुळातच उलटं बसतं. गाडीचा बराचसा खर्च ती उभी असतानाच झालेला असतो: विमा, कर, घसरलेली किंमत, कर्जाचा हप्ता. त्यामुळे दारातल्या गाडीची प्रत्येक नवी फेरी जवळजवळ फुकट वाटते आणि बसचं तिकीट मात्र खिशाला लागतं. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली काही लोकांनी सहकारी तत्त्वावर गाड्या सामायिक वापरायला सुरुवात केली, त्यातली खुबी हीच. तासाचे आणि किलोमीटरचे पैसे दर वेळी मोजावे लागले की माणूस आपसूक विचारतो, हे काम चालत होणार नाही का?

शहरांचंही तेच. १९७३ च्या तेलटंचाईत नेदरलँड्सने ४ नोव्हेंबरपासून रविवारी गाड्यांना बंदी घातली. रस्त्यांवर मुलं खेळली, छायाचित्रं सुंदर आली आणि काही आठवड्यांत बंदी उठली. तो वापर कमी करण्याचा प्रकार. गरज कमी करण्याचा प्रकार बघायचा तर त्याच देशातलं हाउटन हे छोटं शहर बघा. तिथे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गाडीने जायला बाहेरच्या वळणरस्त्याला लागावं लागतं, सायकल मात्र मधून सरळ जाते. कुणाला उपदेश करावा लागत नाही; सायकलने लवकर पोहोचता येतं, म्हणून लोक सायकल काढतात.

वर्षातून एकदा सामानसुमानासह लांब जायचं असतं, म्हणून सात आसनी गाडी घेऊन वर्षभर एकट्याने फिरवणाऱ्यांबद्दल मी काही लिहित नाही. त्या एका प्रवासाला गाडी भाड्याने मिळते. ज्यांना चालणं जमत नाही किंवा जिथे बसच येत नाही, त्यांना हे काही लागू नाही, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठी कडी म्हणजे घर. वाहतुकीचे अभ्यासक याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात आणि इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं की माणसं रोज सरासरी तासभराच्या आसपास प्रवासात घालवतात; वेग वाढला की वेळ फारसा वाचत नाही, अंतर वाढतं. मोठं घर स्वस्तात मिळतंय म्हणून लांब गेलात, तर गाडीची गरजही त्याच दिवशी विकत घेता, पुढच्या कितीतरी वर्षांसाठी. म्हणून घर बघायला गाडीने जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा, बसने. घर दाखवणारा म्हणेलच, "सगळं दहा मिनिटांवर आहे." त्याला म्हणा, चला, चालत जाऊन बघू.