थाळीचा नट आणि चाकाचा नट

साडूंनी महेश्वरला जायला मोटरहोम भाड्याने आणली आणि इंदूरच्या रामबागेतली आमची अख्खी गल्ली ती बघायला जमली. आत पलंग, ओटा, फ्रिज. बाहेर चाकांवर स्टीलच्या चकचकीत थाळ्या, म्हणजे व्हील कव्हर. त्यातली मागची एक खडखडत होती. एबी रोडवरच्या एका टायरवाल्याकडे थांबलो. तिथल्या पोराने नट आवळायची हवेची गन लावली, दोनदा घर्रर्र केलं आणि म्हणाला, "लो भिया, अब नहीं हिलेगी."

खरंच नाही हलली. मानपूरचा घाट उतरून धामणोदला चहासाठी थांबलो तेव्हा दिसलं, गनखालच्या नटाभोवती पत्रा वाटीसारखा आत गेला होता आणि एका बाजूने चिरला होता.

पोराला दोष देववत नाही. थाळीवर नट दिसतात आणि तेच चाक धरून ठेवत असतील असं कुणालाही वाटेल. पण अशा थाळ्यांवरचे बरेचसे नट नुसते शोभेचे असतात, पत्र्यालाच चिकटवलेले. खरे एक-दोनच. चाकाच्या मूळ नटाबाहेर स्टडचा, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या दांड्याचा, जो तुकडा उरतो, त्यावर ते फिरवून बसवतात. चाक धरणारे नट थाळीमागे, अंधारात असतात.

त्या अंधारातल्या नटाचं काम समजून घेण्यासारखं आहे. नट आवळतो तेव्हा आपण स्टड ताणत असतो. स्टड ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच. लहान मोटारीच्या 12 मिलिमीटर जाडीच्या स्टडवर 100 न्यूटन-मीटर टॉर्क दिला, म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगल्यावर बसतो तेवढा पीळ, तर स्टडमध्ये साधारण चार टनांची ओढ तयार होते. त्यासाठी तो किती लांबतो? मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा ताणामुळे चाक हबवर, म्हणजे ते ज्या फिरत्या भागावर बसवतात त्यावर, दाबून बसतं आणि त्या दाबातून येणारं घर्षण गाडीचा भार पेलतं. स्टडवर चाक खुंटीवरच्या टोपीसारखं टांगलेलं नसतं.

आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये. स्टड ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणूनच आट्यांना हौसेने तेल लावलं की गणित फिरतं. टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजणारा पाना, तोच आकडा दाखवतो, पण ओढ तीस टक्क्यांनी वाढलेली असू शकते. गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर चाकाचे आटे कोरडेच ठेवावेत.

थाळीच्या नटाला यातलं काहीच लागू नाही. त्याला भार पेलायचा नाही, फक्त पडायचं नाही. पातळ पत्रा चार टन तर सोडाच, त्याच्या छोट्याशा अंशानेही वाकतो. प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती दाबाखाली हळूहळू आकार सोडते, घाटात ब्रेक तापले की आणखीच. आणि स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट गनने भरभर फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. मग करवतीशिवाय सुटका नाही. हाताने शेवटपर्यंत फिरवायचा आणि आखूड पान्याने किंचित आवळायचा. बस.

"मग सैल होणार नाही का?" साडूंचा रास्त प्रश्न. नट सैल कशाने होतो हे गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं. आडवे हिसके बसून जोडलेले भाग एकमेकांवर घसरू लागले की नट आपोआप उलटा फिरतो. चाकाच्या नटाला ही घसरण थोपवायला चार टनांची ओढ असते. थाळीच्या नटाकडे ती नाहीच, त्यामुळे त्याला अधूनमधून हात लावून बघणं आलंच.

आमच्यासोबत काका होते. पिथमपूरच्या कारखान्यात जुळणीवर आयुष्य काढलेले. त्यांच्या पिशवीत औषधांच्या डब्याशेजारी टॉर्क रेंच असतो, यावर घरात फार विनोद होतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. "थाळी सोड, पण मागचा नट बघ," ते म्हणाले. "गनने आवळलेला वरचा नट खालच्यावर जाम बसतो. सोडताना दोघं बरोबर येतात."

तसंच झालं. थाळीचा नट सुटला आणि चाकाचाही पाव फेरा मागे फिरला. काकांनी गाडीचं पुस्तक मागवून आकडा पाहिला आणि सगळे नट समोरासमोरच्या जोड्यांनी तपासले, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. प्रत्येक नटावर रेंच टक्क वाजला. परतताना, पन्नासेक किलोमीटर झाल्यावर त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली, कारण गंज, रंग, धूळ दाबली जाऊन ताण थोडा उतरतो.

चिरलेली थाळी आम्ही पलंगाखाली टाकली. महेश्वरपर्यंत ती तिथे खडखडत होती.