वेण्णा लेकचा हिवाळा कुठून आला

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी साताऱ्यातल्या मोबाईलांवर तोच फोटो फिरायला लागतो. वेण्णा लेकची बोटींची जेटी, फळ्यांवर पांढरा थर आणि त्यात कुणीतरी बोटाने काढलेलं नाव. वर मथळा ठरलेला: महाबळेश्वर गोठले! मग दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच मेढ्याच्या रस्त्याने पोरं दुचाक्या काढतात. कानटोपी, त्यावर हेल्मेट, तरी केळघर घाट चढेपर्यंत बोटं बधिर होतात. एवढं करून पुष्कळदा वाट्याला येतं ते धुकं आणि टपरीवरचा चहा.

हा हिवाळ्याचा सीझन जुना वाटतो, पण ज्यांनी महाबळेश्वर 'वसवलं' त्यांच्या वेळापत्रकात तो नव्हताच.

१८२४ मध्ये पीटर लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी इथल्या कड्यावर चढून आला. पुढे साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर गाडीरस्ता काढून दिला. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याला जागा एवढी आवडली की १८२९ मध्ये ती महाराजांकडून मागून घेतली आणि बदल्यात खंडाळा दिलं. हे खंडाळा आपल्या जिल्ह्यातलं, पुणे-सातारा रस्त्यावरचं. लोणावळ्याशेजारचं नव्हे, बाहेरचे पाहुणे हमखास इथे गडबडतात. नव्या वस्तीचं नाव माल्कमपेठ पडलं. देवाचं, पंचगंगेचं जुनं महाबळेश्वर तिथून काही किलोमीटरवर, आपल्या जागी होतंच. यात्रेकरूंना त्याची वाट कुणी साहेबाने दाखवलेली नव्हती.

साहेबांचा सीझन उन्हाळ्याचा. मार्च-एप्रिलमध्ये मुंबई तापली की गव्हर्नरसाहेब लवाजम्यासह वर यायचे, पावसाने झोडपायला सुरुवात केली की खाली उतरायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही मंडळी पुन्हा एक फेरी मारत. थंडीत कशाला येतील? मुंबई-पुण्याची हवा तेव्हा त्यांना मानवतच होती. पावसाळ्यात तर राहण्याची सोयच नाही: वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बारा महिने राहता येईल अशी जागा शोधता शोधता जॉन चेसनने पाचगणीचं पठार धरलं. अंतर जेमतेम १९ किलोमीटर, पण पाऊस कितीतरी कमी. म्हणून शाळा पाचगणीला झाल्या आणि बंगले महाबळेश्वरला.

आता तळ्याकडे येऊ. आपण 'लेक' म्हणतो आणि डोळ्यांसमोर बोट, घोडा, भाजलेलं कणीस येतं, पण हे तळं बांधलेलं आहे आणि बांधलं ते पाण्यासाठी. एवढा पाऊस पडूनही इथलं पाणी कड्यांवरून वाहून जातं. अडवलं नाही तर एप्रिलमध्ये घागर रिकामी. प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं आणि त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. या आप्पासाहेबांनी १८४२ मध्ये हा तलाव बांधून घेतला. क्षेत्र सुमारे २८ एकर. सहा वर्षांनी ते वारले, दत्तक नामंजूर झाला आणि साताऱ्याचं राज्यच कंपनीने गिळलं. राज्य गेलं, तळं राहिलं. आजही महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन्ही गावं त्याचंच पाणी पितात. बोटीतून पाण्यात वेफर्सची पिशवी भिरकावणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मग थंडीला सीझन केलं कुणी? माझ्या मते स्ट्रॉबेरीने. हे पीक इंग्रजांच्या बागांतून आलं, पण बराच काळ ते हौसेपुरतं होतं. शेतकऱ्यांच्या हातात पडल्यावर त्याचं रूप पालटलं. पाऊस ओसरला की लाल मातीचे गादीवाफे, त्यावर मल्चिंग पेपर म्हणजे माती झाकणारा प्लास्टिकचा कागद, खाली ठिबक आणि भोकाभोकातून रोप. फळ सुरू होतं ऐन थंडीत, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर. वाटेत थांबून शेतात शिरता येतं, वजनावर फळ घेता येतं, क्रीम घालून खाता येतं; मुंबईकर कुटुंबाला आणखी काय हवं? २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. भिलारसारखं गाव आधी स्ट्रॉबेरीने ओळखलं गेलं, मग २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं.

दुसरा वाटा फोटोतल्या त्या पांढऱ्या थराचा, म्हणजे 'हिमकणां'चा. शब्द वर्तमानपत्री आणि थोडा फसवा. महाबळेश्वरला बर्फ पडत नाही. जे दिसतं ते गोठलेलं दव. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमीन आपली ऊब भराभर आकाशाकडे सोडते. गार झालेली हवा जड, ती उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. वेण्णा लेक आणि लिंगमळा नेमके तशा खोलग्यात आहेत, शिवाय तळ्याची वाफ शेजारीच. म्हणून वर बाजारपेठेत नुसती थंडी असते आणि दोन-तीन किलोमीटरवर गवत पांढरं होतं. गंमत अशी की हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंच, सावलीच्या पेटीत असतो. तिथे पाच-सहा अंश दिसत असताना गवताच्या पात्यावर शून्य गाठलेलं असू शकतं. आकडा आणि फोटो जुळत नाहीत म्हणून दरवर्षी भांडणं होतात. दोन्ही खरे असतात. जेटीच्या फळ्या, गाड्यांचे टप हे आधी पांढरे होतात, कारण त्यांना खालून जमिनीची ऊब मिळत नाही. तळं मात्र गोठत नाही, उलट त्यातून वाफा निघताना दिसतात.

पर्यटक ज्या थराला हात लावून किंचाळतात, त्याने स्ट्रॉबेरीची पानं-फुलं करपतात. एकाच पहाटे जेटीवर सेल्फी आणि दोन बांध पलीकडे कपाळाला हात.

गर्दीचा भार सरकारलाही जाणवला होता. जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि बांधकामावर बंधनं आली. तेव्हा नजर वळली खाली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे. तापोळ्याला आधीच कुणीतरी 'मिनी काश्मीर' करून ठेवलंय. आता राज्य रस्ते विकास महामंडळाकडे 'नवीन महाबळेश्वर'चं नियोजन आहे. धरणात जमिनी गेलेल्यांच्या खोऱ्यात रिसॉर्ट उभे राहणार, तर पाणी कुठलं आणि सांडपाणी कुठे, हे आप्पासाहेबांच्या काळातले प्रश्न पुन्हा पडणारच.

इकडे वेण्णा लेकवर उन्हं जेटीपर्यंत आली की थर विरघळतो, नाव काढलेल्या फळ्या नुसत्या ओल्या दिसतात. बोटवाला त्यावरून फडकं फिरवतो. तोवर पाचगणीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लिंगमळ्यापर्यंत पोचलेली असते.