कंट्रोल लाइन विमानांच्या तारा : गुंडाळणी आणि साठवण

दोन तारांच्या टोकाला बांधून वर्तुळात उडवायच्या विमान-प्रतिकृतीला कंट्रोल लाइन विमान म्हणतात. उडवणारा वर्तुळाच्या मध्यभागी हँडल धरून उभा राहतो. हँडल झुकवले की एक तार ओढली जाते आणि दुसरी सैल होते. त्यामुळे विमानातील बेलक्रँक, म्हणजे खिळीभोवती फिरणारी छोटी तरफ, फिरतो आणि त्याला जोडलेला दांडा शेपटीचे एलिव्हेटर, म्हणजे विमानाला वर-खाली नेणारी हलती फळी, वर-खाली करतो. अमेरिकेतील ओरेगन राज्यात ओबा सेंट क्लेअर यांनी १९३० च्या दशकात अशी विमाने उडवली. पुढे जिम वॉकर यांनी ‘यू-कंट्रोल’ या नावाने हा प्रकार घरोघर पोहोचवला. इंजिन, पंख, रंगकाम यांवर छांदिष्ट मंडळी महिनोन्महिने खपतात, पण उड्डाण संपल्यावर तारा मात्र घाईघाईने गुंडाळून पिशवीत कोंबतात. विमान हातात राहते ते या तारांमुळेच. त्या बहुधा हवेत खराब होत नाहीत, जमिनीवर गुंडाळताना आणि सोडताना होतात.

तारांवर येणारी ओढ साध्या हिशेबाने काढता येते. १.८ किलो वजनाचे कसरतीचे विमान २० मीटर तारेवर ५.३ सेकंदांत एक फेरी घेत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर होतो आणि ओढ ५ किलोग्रॅम वजनाएवढी भरते. वेगाच्या स्पर्धेत तार १७.६९ मीटर लांब असते, म्हणजे नऊ फेऱ्यांत एक किलोमीटर पुरा होतो. तिथे अर्ध्या किलोचे विमान ताशी ३०० किलोमीटरने फिरले तर ओढ २० किलोग्रॅमपर्यंत जाते. ही ओढ पेलणारी तार जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीची असते. आंतरराष्ट्रीय नियमांत कसरतीच्या वर्गासाठी तारांची लांबी १५ ते २१.५ मीटर ठरवलेली आहे आणि उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा तपासल्या जातात. एखादी मुरड पडलेली, म्हणजे एका जागी तीव्र वाकलेली, तार ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही पुढच्या चार उड्डाणांत तुटू शकते, म्हणून केवळ ओढ-चाचणीवर विसंबून राहू नये.

तारा मुख्यतः दोन प्रकारच्या. एकेरी तार म्हणजे पियानोच्या तारेसारखी कडक स्प्रिंग-पोलादाची अखंड तार. ती वाऱ्याला कमी अडते, म्हणून वेगाच्या विमानांना पसंत. पदरी तार म्हणजे बारीक पोलादी धाग्यांचा, बहुधा सात पदरांचा पीळ. ती लवचीक आणि हाताळायला सोपी असल्याने कसरतीसाठी हीच सर्रास वापरतात. ०.८ सीसीच्या छोट्या इंजिनांच्या विमानांना डेक्रॉनचा (पॉलिएस्टरचा) दोराही चालतो.

रीळ केवढे असावे, हे वाकण्याच्या हिशेबावर ठरते. तार रिळावर वळते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते. हा ताण ढोबळमानाने तारेची जाडी भागिले रिळाचा व्यास इतका असतो. ०.३८ मिलिमीटरची एकेरी तार १५० मिलिमीटरच्या रिळावर गुंडाळली तर तो पाव टक्का भरतो. स्प्रिंग-पोलाद तेवढा सहज सोसते आणि सोडल्यावर सरळ होते. हीच तार २५ मिलिमीटर जाडीच्या काडीवर गुंडाळली तर ताण दीड टक्क्यावर जातो, पोलादाची लवचीकतेची मर्यादा ओलांडली जाते आणि तार कायमची वेटोळी होते. पदरी तारेतला प्रत्येक पदर एकूण जाडीच्या साधारण एक-तृतीयांश असल्याने तिला १०० मिलिमीटरचे रीळ पुरते. एकेरी तारेला मात्र १५० मिलिमीटरहून लहान रीळ देऊ नये. रिळाच्या कडा गुळगुळीत हव्यात. साच्यातून निघालेली धारदार रेघ राहिली असेल तर आधी घासून काढावी.

आता पिळाची गोष्ट, आणि सर्वाधिक तारा याच ठिकाणी वाया जातात. रीळ हातात स्थिर धरून तार त्याच्या कडेवरून फिरवत गुंडाळली, की प्रत्येक वेढ्याला तारेच्या अंगात एक पूर्ण पीळ शिरतो. १५० मिलिमीटरच्या रिळाचा वेढा सुमारे ४७ सेंटिमीटरचा असतो. २० मीटर तारेला बेचाळीसच्या आसपास वेढे बसतात, म्हणजे तितकेच पीळ. रीळ जमिनीवर ठेवून तार कडेवरून ओढून काढली तरी हेच घडते. पिळलेली तार सैल पडली की आपसूक छोटे कडे घेते, आणि त्या कड्याची टोके कोणी ओढली की क्षणात मुरड पडते. पाणी घालायची नळी अशी कड्यात अडकते हे सर्वांनी पाहिले आहे. नळी सावरते, पोलाद सावरत नाही. म्हणून फिरायचे ते रिळाने. तार त्यावर सरळ येऊन बसली पाहिजे.

प्रत्यक्ष रीत अशी. विमान उतरल्यावर हँडल खुंटीला अडकवावे किंवा सोबत्याच्या हाती द्यावे. लूप (हवेतली उभी गोल फेरी) आणि उलट्या लूप घेऊन दोन तारा एकमेकींभोवती वळलेल्या असतात. असे वेढे हवेत चालतात, कारण स्वच्छ तारा एकमेकींवरून सरकतात, पण ते रिळावर जाऊ देऊ नयेत. हँडल उलट दिशेने फिरवून ते आधी सोडवावेत. मग मऊ कापड स्पिरिटने किंचित ओले करून, दोन बोटांत तार धरून, हँडलपासून विमानापर्यंत सावकाश चालत जावे. इंधनातले एरंडेल तेल तारांवर बसून चिकट होते, त्यावर धूळ आणि गवताचा चुरा चिकटतो, आणि मग वळलेल्या तारा एकमेकींवर अडखळतात. या चालण्यात तपासणीही होते. तुटलेला पदर कापडाचा धागा धरतो आणि बोटांना बारीकसा हिसका जाणवतो. उघड्या बोटांनी हे करू नये, कारण तो पदर सुईसारखा आत शिरतो.

तारा पुसून झाल्या की विमानाकडच्या क्लिपा सोडून दोन्ही टोके रिळाच्या खाचेत किंवा आकड्यात अडकवावीत. रीळ उभे धरून, चाकासारखे फिरवत, हँडलच्या दिशेने चालावे. दोन्ही तारा शेजारी शेजारी, हलक्या ताणात याव्यात. फार आवळल्या तर वरचे वेढे खालच्यांत रुततात, ढिल्या राहिल्या तर कडेवरून उतरतात. शेवटच्या मीटरभरात घाई नको. टोक निसटले की एकेरी तार उसळून सगळी वेटोळी एकदम उघडते आणि गुंता होतो. टोके रबरी पट्ट्याने बांधल्यावरच हात सोडावा. उलगडताना हाच क्रम उलट: हँडलची टोके खुंटीला अडकवून रीळ फिरवत मागे मागे चालत जावे.

चालता चालता कडे दिसले तर तिथेच थांबावे. ओढू नये. दोन्ही बाजूंची तार कड्याकडे ढकलून ते मोठे करावे आणि बोटांत फिरवून उलगडावे. मुरड बसलीच असेल तर पक्कडीने ठोकून सरळ केलेली तार दिसायला नीट दिसते, पण त्या जागी पोलाद एकदा वाकून एकदा उलटे वाकलेले असते आणि चीर तिथूनच सुरू होते. अशी तार टाकून द्यावी. दुमत असू नये असा हा मुद्दा आहे, तरी मैदानावर याच तारा सर्वाधिक वेळा वाचवलेल्या दिसतात.

टोकांकडे वेगळे लक्ष हवे. तार जिथे पितळी नळीतून किंवा गुंडाळीतून बाहेर येते, त्या काठावर ती रोज वाकते आणि थकते. पहिला वेढा घेताना हा सांधा रिळाच्या कडेवर दुमडला जाऊ नये. डाग दिलेल्या टोकांवर आम्लयुक्त फ्लक्स (डाग देताना लावायचा लेप) राहिला तर गंज आतून खातो, म्हणून तो धुऊन काढावा.

साठवणीचे मुख्य शत्रू ओल आणि वजन. साध्या स्प्रिंग-पोलादाच्या एकेरी तारेला पातळ तेलाचा हात द्यावा आणि उडवण्याआधी तो पुसून टाकावा. स्टेनलेस पदरी तार लवकर गंजत नाही, पण पदरांच्या फटींत घाण साचते. रीळ कोरड्या पिशवीत, ओल शोषणारी पुडी टाकून, आडवे ठेवावे. बॅटरी, इंधनाची बाटली, नट-बोल्टचे पाने यांच्याखाली दाबू नये. रिळावर तारेची जाडी, लांबी आणि विमानाचे नाव लिहावे. जोडीची एक तार दुसऱ्या रिळावर नेऊ नये, कारण काही मिलिमीटरचा फरकही हँडल सरळ असताना एलिव्हेटर वाकडे करतो.

डेक्रॉनला मुरड पडत नाही. तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळला की एका फेऱ्याचा पीळ पुढचा फेरा काढून टाकतो. ऊन, कडांवरचे घासणे आणि गाठी मात्र त्याला सोसत नाहीत.

बाद केलेल्या तारांचे हातभर तुकडे करून, चिकटपट्टीने एकत्र बांधून टाकावेत. पूर्ण लांबीची तार कचऱ्यात गेली की कोणी तरी ती चांगली समजून उचलतो, किंवा एखाद्या जनावराच्या पायात अडकते.