हुरड्याचं शेत आणि खुरप्याचं शेत

माझ्या मावसबहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन तमिळनाडूत, ऑरोव्हिल या आंतरराष्ट्रीय वसाहतीजवळच्या एका सेंद्रिय शेतावर महिनाभर राहायला निघाला. आदल्या रात्री बॅग भरताना ताईने विचारलं, "दिवसाला किती घेतात रे?" तो म्हणाला, "राहायचं काही नाही, जेवणापुरते थोडे." "आणि पगार?" "पगार नसतो गं." ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "मग हा तिथे पाहुणा की गडी?"

तिची चूक नव्हती. शेतावर राहायला जायचं म्हटलं की आपल्यासमोर कृषी पर्यटनच येतं. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी ते रुजवलं, २०२० साली राज्य सरकारने त्याचं धोरण आणलं, आणि आता हुरड्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या गाड्यांना शेताच्या बांधावर जागा मिळत नाही. आल्या आल्या कपाळाला गंध, डोक्याला टोपी, मग बैलगाडीची फेरी, चुलीवरची भाकरी, दुपारी चिंचेखाली बाज. कोणाला हौस आली तर तो अर्धा वाफा खुरपतो, फोटो काढतो, आणि त्याने उपटलेलं निम्मं तण मेथी निघालं तरी मालक हसून सोडून देतो. त्याचे पैसे माणशी आधीच ठरलेले असतात. यात कमीपणा काही नाही. भाव पडलेल्या कांद्यापेक्षा हे उत्पन्न भरवशाचं.

ताईचा मुलगा गेला ती गोष्ट वेगळी. तिचं मूळ इंग्लंडात. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कोपार्ड यांना खेड्यात जावंसं वाटे, पण तिथे ओळखीचं कोणी नव्हतं. १९७१ साली त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर शनिवार-रविवार काम करायला काही जणांना नेलं. त्यातून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली आणि पुढे जगभर पसरली. रिवाज साधा आहे: साधारण अर्धा दिवस काम, बदल्यात राहणं, जेवण आणि शिकणं. पैशांची देवघेव नाही. पर्यावरणपूरक वसाहतींनी हाच रिवाज आपापल्या परीने उचलला.

ऑरोव्हिलचंच बघा. २८ फेब्रुवारी १९६८ ला ते सुरू झालं तेव्हा तिथे लाल मातीचं, पावसाने ओरबाडलेलं उजाड पठार होतं. आजचं रान बाहेरून आलेल्या हातांनी झाड-झाड लावून उभं केलंय. तिथल्या साधना फॉरेस्टने २००३ च्या डिसेंबरात ७० एकर पडीक जमिनीवर मूळचं सदाहरित शुष्क जंगल परत आणायला घेतलं, तेही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. सकाळी उन्हाआधी चर खणायचे, बांध घालायचे, रोपांभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करायचं. राहायला झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. स्वयंपाकात दूध-तूपसुद्धा नाही. भांडी राखेने घासायची, आणि संडासात पाण्याची टाकी नसून भुशाचा डबा. ताईला मी हे शेवटचं सांगितलं नव्हतं.

मग फरक पैशांचा म्हणावा, तर तसंही नाही. ऑरोव्हिल परिसरात बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकाकडूनही जेवणाचे पैसे घेतात. नुसतं पैशावर बोट ठेवलं की गोंधळ होतो. मी एक साधी खूण बघतो: तुम्ही सकाळी उठलाच नाहीत तर काय अडतं? कृषी पर्यटनात काहीच नाही, फार तर पोहे गार होतात. वसाहतीत मात्र त्या दिवशी नाश्त्याची पाळी तुमची असेल, तर तीस-चाळीस माणसं रिकाम्या ताटल्या घेऊन उभी असतात. एकीकडे दिवस पाहुण्याच्या सोयीने आखलेला, दुसरीकडे पिकाच्या आणि पाळ्यांच्या.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. फुकटचे हात म्हणून शेतकऱ्याची चंगळ, असं वाटतं. पण पहिला आठवडा नवखा माणूस कामापेक्षा घोळच जास्त घालतो. त्याच्या मागे एक जाणता माणूस अडकून पडतो. म्हणून बऱ्याच जागा दोन-चार दिवसांसाठी कोणाला घेतच नाहीत, काही आठवडे राहण्याची अट घालतात. उलटही घडतं. शिकवणं बाजूला, दिवसभर राबवून घेणारे महाभागही असतात. किती तास काम, सुट्टी कोणत्या वारी, शिकवणार कोण, हे आधी लिहून मागावं. टाळाटाळ झाली तर जाऊ नये.

आपल्याकडचे वडीलधारे याला पटकन श्रमदान म्हणतात. मला ते पटत नाही. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत किंवा पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावोगाव चर खणले गेले, तिथे घाम हे दान होतं. इथे सौदा आहे, फक्त त्यात नोटा नाहीत. जवळचं नातं सांगायचं तर ते इर्जिकीशी. एखाद्याची नांगरट मागे पडली की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतं आणि तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. सावडीत तर हिशोब आणखी चोख: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. परदेशातून आलेल्या पोरीच्या शेतात फेड करायला हा शेतकरी काही जाणार नाही. त्यामुळे सगळा हिशोब त्याच दिवशी, ताटातच मिटतो.

सरकारी खात्यांना हा सौदा बरोबर दिसतो. न्यूझीलंडमध्ये जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरतात, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. ऑस्ट्रेलियात पूर्वी असं बिनपगारी शेतकाम दाखवून वर्किंग हॉलिडेचं, म्हणजे फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसाचं, दुसरं वर्ष मिळवता यायचं. पिळवणुकीच्या तक्रारींनंतर डिसेंबर २०१५ पासून ते बंद झालं. तिकडे जाणाऱ्या मुलांनी 'फिरायलाच चाललोय' म्हणण्याआधी हे तपासावं.

तिसऱ्या आठवड्यात ताईने फोन करून सांगितलं, मीही येते चार दिवस, एक खोली बघून ठेव. तो म्हणाला, "आई, खोली मिळेल, पण गेस्ट हाउसमध्ये, शेतावर नाही. आणि बुधवारी मला फिरायला जमणार नाही, बेचाळीस माणसांचा भात माझ्याकडे आहे." ताईने फोन ठेवला आणि मला विचारलं, "याला घरी कधी कुकर लावता येत होता का रे?"