कुत्र्याला व्हॅनमध्ये एकटं ठेवायचंय? आधी हे वाचा

"कुत्र्याला व्हॅनमध्ये ठेवून दोनतीन तास फिरून आलो तर चालेल ना? एसी चालूच ठेवणार आहोत." आम्ही कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, भाड्याने देतो. हा प्रश्न आम्हाला बुकिंगच्या फोनवर येतो, गाडी ताब्यात देताना येतो आणि बऱ्याचदा कॅम्पसाइटवर पोचल्यावर परत एकदा येतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उत्तर असं आहे की चालतं, पण एसी चालू आहे एवढ्यावर नाही. एसी बंद पडला तर तुम्हाला ते कळणार कसं, आणि कळल्यावर तुम्ही किती मिनिटांत गाडीच्या दाराशी असाल, या दोन गोष्टी पक्क्या असतील तर खुशाल जा. पक्क्या नसतील तर त्याला बरोबर न्या नाहीतर एकाने मागे थांबा, आळीपाळीने फिरून या.

आमच्याकडचे बरेच ग्राहक वर्षानुवर्षं कुत्री पाळणारे आहेत, त्यांना कुत्र्याबद्दल आम्ही काय शिकवणार. पण घर आणि गाडी यात फरक आहे आणि तो फरक विजेचा आहे. घरी एसी, गीझर, मायक्रोवेव्ह सगळं एकदम चाललं तरी काही होत नाही. गाडीला साइटवरून एकच वायर येते आणि तिच्यावर किती भार चालेल हे त्या साइटवरच्या एमसीबीवर, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर, ठरतं.

आता ती एक चूक सांगतो जिच्यामुळे उन्हाळ्यात आमच्या दुपारच्या दुपारी जातात. लोक सकाळी अंघोळी आटपतात, पाण्याचा हीटर चालूच राहतो, एसी लावतात, पाच मिनिटं थंडगार वाटतं, दार लावतात आणि निघतात. त्या पाच मिनिटांत हीटरचं पाणी गरम असतं, म्हणजे तो वीज घेतच नसतो. मग अर्ध्यापाऊण तासाने पाणी निवतं आणि हीटर आपला आपण सुरू होतो. छतावरचा एसी साधारण १४०० वॅट खातो, हीटर जवळपास तेवढेच, झाले २८००. साइटची लाइन २३० व्होल्टची आणि एमसीबी १० अँपिअरचा असेल तर तिथे २३०० वॅटच्या वर ओढायचं नाही. एमसीबी लगेच पडत नाही हेच वाईट आहे, थोडा जास्तीचा भार असला की तो काही वेळ सहन करतो, तापतो आणि मग पडतो, आणि उन्हात तापलेल्या डब्यात असेल तर अजून लवकर पडतो. तोपर्यंत तुम्ही टेकडीवर. रात्री बॅटरी उतरली असेल तर तिचा चार्जरही त्याच लाइनवर ओढत असतो, ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

एका उन्हाळ्यात आमचं एक जोडपं लॅब्रॅडॉरला ठेवून असंच गेलं होतं. बाजूच्या तंबूतल्या बाईंना दार खरवडल्याचा आवाज आला, त्यांनी साइटच्या ऑफिसला सांगितलं, ऑफिसने आम्हाला फोन केला, आम्ही ग्राहकांना लावतोय तर दोघांचेही फोन रेंजच्या बाहेर. चावी त्यांच्याबरोबर. शेवटी ऑफिसमधला मुलगा वायर लावतात त्या खांबाजवळ जाऊन उभा राहिला, आम्ही फोनवर सांगत होतो तसा त्याने एमसीबी वर केला, तीनएक मिनिटांनी एसीचा कंप्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने परत पडला, त्याने परत वर केला. दुसऱ्यांदा टिकला, कारण तोपर्यंत हीटरचं पाणी तापून तो बंद झाला होता. तो मुलगा ग्राहक परत येईपर्यंत पाऊण तास तिथून हलला नाही. कुत्रा वाचला. गाडी परत आली तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला, हँडलच्या खाली, नखांच्या ओरखड्यांनी पांढरा पट्टा पडला होता. ते दार आम्ही अजून बदललेलं नाही, गाडी देताना दाखवतो.

तर आमची विनंती एवढीच आहे. निघायच्या आधी पाण्याचा हीटर बंद करा, नुसता कमी नाही, बंद. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, केटल यांचे प्लग काढा. साइटची वायर रीळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर भार आला की तापते. एसी २४-२५ वर लावा आणि अर्धा तास बाहेर खुर्च्या टाकून बसा, कुत्र्याला आत ठेवून. त्या अर्ध्या तासात एमसीबी पडला नाही, आतलं तापमान खाली आलं आणि तो शांत झोपला तर निघा. ही अर्ध्या तासाची गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं आम्ही उगीच अडकवून ठेवतोय, पण ज्यांनी ती केली त्यांचा दुपारचा फोन आम्हाला आजवर आलेला नाही.

"पण खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या होत्या की." याच्यावर विसंबू नका. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा २००५ साली 'पीडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये आलेला अभ्यास आहे, त्यांनी बाहेर २२ ते ३६ डिग्री असताना उन्हात उभ्या कारमधलं तापमान मोजलं. तासाभरात आत सरासरी २२ डिग्रीने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काचा दीड इंच खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर आपल्याला छान वाटत असतं त्या दिवशीसुद्धा. ती साधी कार होती, आपली व्हॅन मोठी आहे, भिंतींना इन्सुलेशन आहे, त्यामुळे तापायला जास्त वेळ घेते हे खरं, पण पुढची ती एवढी मोठी काच उन्हाकडे तोंड करून असेल तर ते इन्सुलेशनच उष्णता आत धरून ठेवतं. म्हणून गाडी लावतानाच दुपारचं ऊन कुठून येणार ते बघा आणि समोरच्या काचेला आम्ही दिलेला चंदेरी पडदा बाहेरून लावा. आतून लावला तर ऊन आधी काचेतून आत येतं आणि मग अडतं.

कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांना थोडा येतो तेवढाच. तो गार होतो तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून. बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होत जाते आणि दमट हवेत धापांचा उपयोग कमी कमी होतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ च्या आसपास असतं आणि ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं, अंतर फार नाही. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापाही नीट टाकता येत नाहीत. बुकिंगच्या वेळी आम्ही जात, वय, वजन विचारतो ते याच्यासाठी, आणि भर उन्हाळ्यात पग असेल तर त्याला एकटं ठेवू नका असं स्पष्ट सांगतो. काहींना ते आवडत नाही, एकदोघांनी बुकिंगही कॅन्सल केलं. आमची हरकत नाही.

छतावरच्या पंख्याबद्दल बरेच जण विचारतात. तो १२ व्होल्टवर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर चालतो, साइटची लाइट गेली तरी फिरत राहतो, म्हणून एसीच्या जोडीला तो ऑटोवर ठेवाच, ठरवलेल्या तापमानाच्या वर गेलं की सुरू होतो. आमच्या सगळ्या गाड्यांत तो आहे. एक लक्षात ठेवा, त्याला पावसाचा सेन्सर आहे आणि चार थेंब पडले की झाकण बंद होतं. हिवाळ्यात किंवा थंड हवेच्या ठिकाणी नुसत्या पंख्यावर भागतं, उन्हाळ्यात तो एसीची जागा घेऊ शकत नाही, बाहेरची गरम हवाच आत फिरवणार. आणि बॅटरीवर एसी चालवू असं कुणी म्हणत असेल तर आमच्या गाड्यांची बॅटरी तेवढी नाही. जनरेटर लावून गाडी सोडून तर अजिबात जायचं नाही, डिझेल संपतं, शेजाऱ्यांना त्रास होतो आणि धूर आत आला तर तो विषारी आहे.

आता कळणार कसं, हा प्रश्न. बरेच जण म्हणतात आमच्याकडे वायफाय कॅमेरा आहे, फोनवर दिसतं. कॅमेरा चांगलाच, कुत्रा भुंकतोय की झोपलाय ते कळतं. पण साइटची लाइट गेली की राउटर बंद, कॅमेरा बंद आणि तुमच्या फोनवर काहीच येत नाही. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटून आपण निवांत जेवत राहतो, खरा धोका इथे आहे. म्हणून आम्ही सगळ्या गाड्यांत स्वतःचं सिम आणि स्वतःची बॅटरी असलेला तापमानाचा मॉनिटर बसवलाय. लाइट गेली की त्याचा वेगळा मेसेज येतो, तापमान २७ च्या वर गेलं की वेगळा. त्याचे मेसेज तीन नंबरांवर जातात, दोन तुमचे आणि तिसरा साइटच्या ऑफिसचा किंवा शेजारच्या गाडीवाल्यांचा टाका, कारण मेसेज आला पण तुम्ही दरीत रेंजशिवाय असाल तर त्याचा काय उपयोग. एक चावी ऑफिसमध्ये ठेवून जा. हा मॉनिटर भाड्यातच आहे, वेगळा लागत नाही, आणि बाहेरून गाडी घेणार असाल तर तिथे विचारून घ्या की मॉनिटर सिमवाला आहे का वायफायवाला.

किती लांब जायचं, तर वीस मिनिटांत परत येता येईल एवढंच. बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच सगळ्यात जास्त तापते हे वर सांगितलंय, ते बघा म्हणजे वीसच का ते कळेल. बोटीत बसणार असाल, रोपवेने जाणार असाल, तर परत येणं तुमच्या हातात नसतं, तेव्हा नको.

एसीबद्दल अजून एक, कारण याचेही फोन असतात. "एसी चालू आहे पण गार हवाच येत नाही, आणि वरून पाणी गळतंय." दहातल्या नऊ वेळा फिल्टर केसांनी भरलेला असतो. हस्की किंवा लॅब्रॅडॉर असेल तर दोन दिवसांत जाळीवर केसांचा असा थर बसतो की सोलून काढला तर नमद्यासारखा अख्खा हातात येतो. हवा आत जायला जागा नाही, एसीतल्या गार होणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ धरतो, बर्फामुळे हवा अजून अडते, कंप्रेसर आवाज करत राहतो आणि आत गरम होत जातं. लवकर गार व्हावं म्हणून १६ वर लावला की हे अजून लवकर होतं. हा एसी आत घेतलेली हवा साधारण ९ ते १२ डिग्रीने थंड करून सोडतो, आकडा कमी केला म्हणून जास्त जोरात थंड करत नाही, नुसता जास्त वेळ चालत राहतो. कुत्रा बरोबर असेल तर रोज सकाळी जाळी काढून झटका, दोन मिनिटांचं काम आहे, आम्ही एक जादा जाळी गाडीत ठेवतोच. बर्फ धरलाच तर एसीचं थंड करणं बंद करून नुसता त्याचा ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, चालवा, तासाभरात वितळतो, मेकॅनिकची वाट बघायला लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. पाण्याची दोन भांडी ठेवा, एक सांडतंच. गॅसच्या शेगडीच्या नॉबवर आम्ही दिलेली कव्हरं लावा, मोठा कुत्रा ओट्यावर पाय ठेवून उभा राहतो आणि नॉब फिरतो. गळ्यातला पट्टा कशात अडकणार नाही असं बघा. दोन मिनिटांसाठी उतरलात तरी चावी खिशात ठेवा, कुत्रा ड्रायव्हरच्या सीटवर उडी मारतो, पंजा सेंट्रल लॉकच्या बटणावर पडतो आणि तुम्ही बाहेर, हे आमच्याकडे तीनदा झालंय. बाहेर खांबाला बांधून जाऊ नका, बहुतेक साइट्सना ते चालत नाही आणि चालत असलं तरी सावली सरकते. आणि साइट बुक करतानाच विचारा की कुत्र्याला गाडीत एकटं ठेवायची परवानगी आहे का, बऱ्याच ठिकाणी ती नसते आणि ते तिथे पोचल्यावर कळतं.

भुंकत राहिला तर? नवी जागा, नवे वास, आणि तुम्ही अचानक गायब, तर तो भुंकणारच. पहिल्या दिवशी पोचल्या पोचल्या त्याला सोडून जाऊ नका. आधी पाच मिनिटं बाहेर जाऊन या, मग पंधरा, मग अर्धा तास. घरचं अंथरूण आणा, धुतलेलं नको, त्याच्या वासाचं. खिडक्यांचे पडदे ओढले की बाहेर कोण जातंय ते दिसत नाही आणि निम्मं भुंकणं थांबतं.

आणि इतकं करूनही कधी परत आल्यावर तो वेड्यासारख्या धापा टाकताना दिसला, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक, उलटी, चालताना झोकांड्या, तर आधी गार करा आणि मग डॉक्टरकडे न्या. सावलीत घ्या, साधं गार पाणी अंगभर ओता, ओतत राहा, आणि वारा घाला. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, तो टॉवेल अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि ती तिथेच कोंडते. शुद्धीवर असेल तर पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. बरा दिसायला लागला तरी डॉक्टरला दाखवाच, आतल्या अवयवांचा त्रास दुसऱ्या दिवशीही उमटतो. साइटच्या जवळचा जनावरांचा दवाखाना कुठे आहे आणि रविवारी उघडा असतो का, हे निघायच्या आधी शोधून तो नंबर मॉनिटरच्या बाजूच्या चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी आणि पेन तिथेच अडकवलंय.

गाडी घ्यायला येताना कुत्र्याला घेऊनच या. एसी लावून, हीटर बंद करून, आम्ही त्याला तुमच्यासमोर अर्धा तास आत बसवतो, मॉनिटरवर तुमचे नंबर टाकून एकदा मुद्दाम लाइट घालवतो आणि तुमच्या फोनवर मेसेज आला की मगच चावी देतो. तेवढा वेळ हातात ठेवून या.